वही कोरी दिसते, मग पहिली-तिसरीची पोरं शाळेत शिकतात काय?

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. धाकटा जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत, थोरली तिसरीत. शाळा सुरू होऊन दोन महिने झाले तरी धाकट्याच्या वहीत चित्रं, रेघोट्या आणि चार-दोन अक्षरं, एवढंच. आज काय शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणतो, ‘गाणं म्हटलं, चिंचोके मोजले.’ जावेचा मुलगा सांगलीत इंग्रजी शाळेत सीनियर केजीला आहे आणि तो शंभरपर्यंत आकडे लिहून दाखवतो. थोरलीचे पाढे पाठ आहेत, पण वजाबाकी चुकते. शाळा बदलावी का, निदान शिकवणी तरी लावावी का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी याच जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे आणि नोकरीतली बहुतेक वर्षं पहिली ते तिसरीच्या वर्गांवरच गेलीत. तुमच्यासारखा प्रश्न दर पालकसभेत येतो. पालकांना वही दिसते, वर्ग दिसत नाही, म्हणून येतो. पण या वयात जे शिकायचं असतं त्यातलं फार थोडं वहीत उतरतं. म्हणून वही बाजूला ठेवून वर्गात काय चाललंय ते सांगते.

आधी पहिलीचं बघू. जूनच्या मध्याला शाळा उघडतात. तिथून पुढचे बारा आठवडे पहिलीसाठी ‘विद्याप्रवेश’ नावाचा कार्यक्रम असतो. २०२१ च्या जुलैपासून तो देशभर सुरू झाला. वर्गात काही मुलं अंगणवाडीत नीट रमून आलेली असतात, काही नावापुरती गेलेली, काहींच्या हातात तर जूनपर्यंत खडूसुद्धा आलेला नसतो. या सगळ्यांना एका रांगेत आणायचं, तेही रडवल्याशिवाय, म्हणून हे बारा आठवडे. गप्पा, गोष्टी, बडबडगीतं, वस्तूंचे गट करणं, लहान-मोठं, कमी-जास्त, मातीचे गोळे, कागद फाडून चिकटवणं, चित्र बघून बोलणं. म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तुमच्या धाकट्याची वही अशीच दिसणार. त्यात बाईंचा आळस नाही, कार्यक्रमच तसा आखलेला आहे.

शिवाय पहिलीचा अभ्यासक्रम आणि पुस्तकं २०२५-२६ पासून नवी आहेत. थोरलीची जुनी पुस्तकं काढून त्याच्याशी ताडून बघत असाल तर ते सोडा.

आता गाण्याबद्दल. गाणं म्हणजे वेळ घालवणं, असं घरी वाटतं. वर्गात त्याच गाण्यावरून मी विचारते, ‘क’नं सुरू होणारं काय काय ऐकलंत? मग काकडी, कुत्रं, कणीस असं एकेक येतं. डोळ्यांनी अक्षर ओळखण्याआधी कानाला आवाज सुटा करता आला पाहिजे. ज्याला तो येत नाही त्याला मुळाक्षरांचा तक्ता तोंडपाठ असला तरी वाचता येत नाही. तक्ता म्हणतो आणि ‘कमळ’ दाखवलं की गप्प होतो, अशी मुलं दरवर्षी निघतात. घरी करून बघा. मका, मीठ, भात, मांजर, यातलं वेगळं सुरू होणारं कोणतं? धाकट्यानं ‘भात’ सांगितलं तर त्याचं ऑगस्टमधलं मराठी व्यवस्थित चाललंय.

वर्गात हे कसं पुढं जातं त्याचा एक नमुना देते. गेल्या महिन्यात सकाळच्या गप्पांत एक मुलगा म्हणाला, ‘बाई, आमची म्हस याली.’ झालं, त्या दिवशीचा पाठ तोच. त्यानं सांगितलं तसं मी फळ्यावर लिहिलं: आमची म्हस याली. रेडकू काळं हाय. आमी चीक खाल्ला. मी ‘व्याली’ केलं नाही, ‘आहे’ केलं नाही. पोरांनी बोटाखाली तीनदा वाचलं. वाचलं म्हणजे काय, आत्ताच ऐकलेलं आठवून म्हटलं, पण डोळा अक्षरावर होता. मग मी विचारलं, ‘क’ कुठं कुठं दिसतोय? रेडकूतला सापडला, काळ्यातला सापडला, चीकमधला सापडला. आणि एक मुलगी म्हणाली, ‘बाई, रेडकूतल्या क ला खाली शेपूट हाय.’ उकार शिकवायला याहून चांगला मुहूर्त मला मिळाला नसता. त्या दिवशी वहीत प्रत्येकानं एक रेडकू काढलं. तुम्हाला घरी तेवढंच दिसलं असतं.

बोलीबद्दल काही पालक नाराज असतात, शाळेत तरी शुद्ध बोलायला लावा म्हणतात. लावणार आहोत, पण आधी पोराचं तोंड तरी उघडू दे. ‘हाय’ला हसलं की ते पोर पुढचे सहा महिने नुसतं मान हलवतं. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही लहान वर्गांत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं, आणि आमच्या जतकडच्या काही गावांत तर घरची भाषा कानडी असते. पुस्तकी मराठी दुसरी-तिसरीत ऐकून, वाचून आपोआप जवळ येते. थोरलीकडे बघा, ती आता निबंधात ‘हाय’ लिहीत नसेल.

अक्षरांचा क्रमही तुमच्या-माझ्या वेळचा राहिलेला नाही. अ-आ-इ-ई पासून सुरू करून ज्ञ पर्यंत गेलं की मगच शब्द, ही जुनी रीत. तिच्यात पोराला पहिला खरा शब्द वाचायला दिवाळी उजाडायची. आता थोडी अक्षरं आणि एखादी स्वरखूण घ्यायची आणि लगेच शब्द करायचे. क, म, ल, न, ब आणि काना एवढ्यावर किती होतं बघा: काम, नाक, कान, लाल, मामा, काका, बाक, कमान, कमाल. ‘काकाला काम’ हे तर अख्खं वाक्य झालं. मराठी वाचन शिकवायच्या पद्धतीवर फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेनं वर्षानुवर्षं काम केलंय, आणि शेजारच्याच सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधले, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटातले, जमिनीवर आखलेले तक्ते, खडे-काड्यांवरचं गणित बघायला राज्यभरातून शिक्षक यायचे. २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम आल्यावर ते लोण सगळीकडे पसरलं. सगळीकडे नीट पोचलं असं मात्र मी म्हणणार नाही. काही शाळांत नुसते तक्ते रंगवले गेले आणि शिकवणं होतं तसंच राहिलं.

लिहिण्याची घाई करू नका. सहा वर्षांच्या पोराच्या बोटांत अजून जोर नसतो. ळ, झ, इ ही अक्षरं वळवताना मनगट अडतं. म्हणून आधी जमिनीवर खडूनं मोठ्ठ्या रेघा, मातीकाम, मणी ओवणं, मग पाटी, मग वही. घरी शेंगा फोडायला द्या, लसूण सोलायला द्या, बोटांना तोच व्यायाम आहे. अक्षर उलटं निघालं, ६ चा आकडा आरशातल्यासारखा आला, तर पहिलीत काळजीचं कारण नाही.

इंग्रजी पहिलीपासून आहेच, मराठी शाळांतही २००० सालापासून आहे. या सत्रात ते ऐकणं-बोलणं इतपतच. गाणी, रंगांची नावं, ये-जा-बस-ऊठच्या सूचना. हिंदीचं विचारणारे बरेच असतात म्हणून सांगते, २०२५ च्या एप्रिल आणि जूनमध्ये काढलेले तिसऱ्या भाषेचे दोन्ही शासन निर्णय त्याच जूनअखेर मागे घेतले गेले. पहिलीला हिंदी नाही.

आता शंभरपर्यंत लिहिणाऱ्या पुतण्याकडे येते. त्याचं कौतुकच आहे, पण त्याच्यासमोर चिंचोक्यांचं डबडं ठेवा आणि सतरा काढून दे म्हणा. मग सतरात अजून किती घातले की वीस होतील ते विचारा. जमलं तर उत्तम, पोर हुशार आहे. नाही जमलं तर त्याला आकडे काढता येतात, संख्या कळायची आहे. तुमचा धाकटा ‘चिंचोके मोजले’ म्हणतो ना, तो दुसऱ्या टोकाकडून चाललाय. आधी मोजणं, मग दहाचा गठ्ठा बांधणं, मग सुटे आणि गठ्ठे वेगळे सांगणं, आणि मग लिहिणं. या सत्रात वीसपर्यंत पक्कं झालं तरी मी समाधानी असते. ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत पहिलीच्या अखेरीला ९९ पर्यंत संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि चार-पाच सोप्या शब्दांची अनोळखी वाक्यं वाचता यावीत अशी अपेक्षा आहे. अखेरीला, ऑगस्टात नव्हे.

मराठीत संख्या शिकवताना एक खास अडचण आहे, ती पालकांनी समजून घेतलीच पाहिजे. ‘त्रेपन्न’ ऐकलं की पोर ३५ लिहितं. का? कारण कानावर तीन आधी पडतात आणि पन्नास नंतर. एकोणसाठचं तर विचारू नका, त्यात ऐकू येतात साठ आणि लिहायचे पन्नासातले. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात नेहमीच्या नावाच्या जोडीला ‘पन्नास तीन’ अशी फोड दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. भाषा बुडाली म्हणून लोक ओरडले. वर्गात शिकवणाऱ्याला विचाराल तर ती फोड कामाची आहे. ‘पन्नास आणि तीन, म्हणजे त्रेपन्न’ असं दोन्ही जोडीनं म्हणून घेतलं की ३५ लिहिणं बंद होतं. त्रेपन्न काही कुठं जात नाही. घरी धाकट्याला पुढं हे अडेल तेव्हा ‘एवढं पण येत नाही?’ म्हणू नका, सुट्या काड्या आणि गठ्ठे पुढ्यात ठेवा.

थोरलीचं जरा वेगळं आहे. तिसरी म्हणजे पाया घालायचं शेवटचं वर्ष. ‘निपुण’च्या हिशेबात तिसरीच्या शेवटी मुलानं मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या हाताळाव्यात. चौथीपासून वाचायला शिकणं संपतं आणि वाचून शिकणं सुरू होतं, म्हणून या वर्षी काही कच्चं राहिलं की पुढं प्रत्येक विषयात ते बोचतं.

तिची वजाबाकी चुकते म्हणता, ती कुठं चुकते ते बघितलंत का? आपल्याकडे या दिवसांत प्रत्येक घरात एकच आकडा चाललेला असतो: सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी. इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. तुम्ही पलूसकडच्या, २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तर मी तिसरीला फळ्यावर रोजची पातळी लिहायला लावते आणि विचारते, आज २७ आहे, इशाऱ्याला किती फूट कमी? उभी मांडणी केली की वर्गातल्या निम्म्या मुलांचं उत्तर येतं २७. कसं? शून्यातून सात जात नाहीत, मग पोरं गुपचूप सातातून शून्य घालवतात, सात. चारातून दोन गेले, दोन. उत्तर २७! मग मी म्हणते, म्हणजे नदी २७ वर आहे आणि अजून २७ चढली की ४० होणार? तेव्हा एकदम हशा. आणि मागच्या बाकावरचं कोणीतरी बोटांवर म्हणून दाखवतं, ‘सत्तावीसला तीन घातले की तीस, मग दहा, तेरा फूट!’ हातचा न घेता उत्तर बरोबर. मी आधी तीच रीत सगळ्यांना करायला देते आणि मग काड्यांचा एक गठ्ठा सोडून दहा सुट्या करायचं दाखवते. ‘शेजाऱ्याकडून उसनं आणलं’ असं नुसतं तोंडानं शिकवलेलं पोराला कळत नाही, गठ्ठ्याचा दोरा त्याच्या हातानं सुटला पाहिजे.

तुमच्या मुलीला घरी पाच-सहा वजाबाक्या घाला आणि फक्त चुकलेल्या बघा. वरचा अंक लहान असतो तिथंच चुकत असेल तर मगाशी सांगितलेलंच दुखणं आहे, आठवड्याभरात जातं. सगळीकडेच इकडं-तिकडं चुकत असेल तर ती मोजण्यातच कच्ची आहे, आणि मग पाढे पाठ असण्याचा फार उपयोग नाही. पाढ्यांवरून आठवलं, तिला सात चोक किती हे विचारू नका, ते येणारच. सात-सात जणांच्या चार पंगती बसल्या तर पानं किती वाढायची ते विचारा.

परिसर अभ्यास हा तिसरीतला माझा आवडता विषय, कारण तिसरीचं हे पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळं असतं. सांगलीच्या मुलांना सांगलीचं, साताऱ्याच्या मुलांना साताऱ्याचं. त्यात नकाशा येतो, दिशा येतात, नद्या, पिकं, दळणवळण येतं. पुस्तकात दहा तालुक्यांची नावं आहेत आणि ती पाठ करून घेणं सगळ्यात सोपं, म्हणून बरेच ठिकाणी तेवढंच होतं. मी जमिनीवर खडूनं जिल्हा काढते. पश्चिमेला शिराळा, तिथं चांदोलीचं धरण आणि बेसुमार पाऊस. पूर्वेला जत, आटपाडी. मग विचारते, आपल्या गावात पाणी घरात शिरतं आणि तिकडं टँकर लावावा लागतो, असं का? एक मुलगी म्हणाली, ‘मग आपलं जास्तीचं पाणी त्यांना का देत नाहीत?’ तिथून म्हैसाळ, ताकारी, टेंभू या योजनांवर बोलता आलं. कृष्णेचं पाणी पंपानं टप्प्याटप्प्यानं वर चढवतात हे तिसरीच्या पोराला चांगलं कळतं, कोणाच्या ना कोणाच्या शेतात मोटर असतेच. हे सगळं झाल्यावर वहीत दोन ओळी आणि एक वेडावाकडा नकाशा एवढंच राहतं.

तुमच्या घरी डेअरीची पावती येत असेल. लिटर, फॅट, दर, रक्कम, सगळं त्यात आहे. ती थोरलीला वाचायला द्या, आठवड्याची बेरीज तिलाच करू द्या. धाकट्याला दिनदर्शिकेवर रोजची तारीख शोधू द्या. गोष्टीचं पुस्तक शाळेतून घरी न्यायला मिळतं, नसेल मिळत तर मागा. थोरलीनं धाकट्याला वाचून दाखवायचं, दोघांचंही काम होतं.

शिकवणीचं स्पष्टच सांगते, पहिलीला लावू नका. गावोगावच्या शिकवण्यांत शाळेचीच वही पुन्हा उतरवून घेतात, फार तर आकडे शंभरऐवजी दोनशेपर्यंत लिहून घेतात. पहिलीपासूनच्या खासगी स्पर्धा परीक्षांचंही तेच. फी भरायची, सराव संच आणायचे आणि सहा वर्षांच्या पोराला उत्तरपत्रिकेतले गोल रंगवायला बसवायचं. बक्षीस मिळतं, फोटो लागतो, वाचन होतं तिथंच राहतं.

शाळा बदलायची का, हा तुमचा निर्णय. पण ज्या घरात इंग्रजी कोणी बोलत नाही तिथं पोराला पहिलीत न कळणाऱ्या भाषेतून गणित शिकायला घालणं मला पटत नाही. जिल्हा परिषदेच्या सगळ्याच शाळा चांगल्या आहेत असंही नाही. दोन शिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन वर्ग बसतात, त्यात एक गुरुजी बैठकीला आणि ऑनलाइन माहिती भरायला गेलेले असले की कसलं विद्याप्रवेश नि कसलं काय. म्हणून शाळा माध्यमावरून जोखू नका, वर्गात जाऊन बसा. अर्ध्या तासात कळतं. बाईच एकट्या बोलताहेत की पोरं बोलताहेत, सामान कपाटात आहे की पोरांच्या हातात, चुकलेल्याला ओरडा बसतो की ‘कसं केलंस ते सांग’ म्हणून विचारतात.

परीक्षेची भीती दोघांनाही घालू नका. तिसरीला आत्ता झाली ती पायाभूत चाचणी, मागच्या इयत्तेतलं किती टिकलंय ते बघायला. दिवाळीच्या आधी पहिलं संकलित मूल्यमापन, म्हणजे सत्राची परीक्षा, होईल. २०१० पासून पहिली-दुसरीला पास-नापास, पहिला नंबर, असलं काही नाही, वर्षभराच्या नोंदी आणि श्रेणी असतात.

काळजी कधी करायची तेही सांगते. धाकट्याला दिवाळीनंतरही ओळखीच्या चार-पाच अक्षरांमधून शब्द जुळवता आले नाहीत, किंवा थोरलीला पहिलीच्या पुस्तकातलं पान अडखळल्याशिवाय वाचता येत नसेल, तर वाट बघू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून ‘मठ्ठ’ ठरलेली मुलं मी पाहिलीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, ते कधी येणार हे मुख्याध्यापकांना विचारा. तपासणीत काही निघालं नाही आणि तरी अडतच असेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक तालुक्याला असतात, त्यांना बोलवायला सांगा.

पुढच्या पालकसभेत ‘आमचा कसा आहे?’ असं विचारू नका. त्याला ‘चांगला आहे, जरा मस्ती करतो’ एवढंच उत्तर मिळतं. बाईंना विचारा, वाचनात तो अक्षरावर आहे, शब्दावर आहे की वाक्यावर? गणितात वस्तू लागतात की तोंडी जमतं? वर्गशिक्षिकेकडे प्रत्येक पोराची ही नोंद असते. आणि थोरलीच्या बाईंना पायाभूत चाचणीची तिची उत्तरपत्रिका दाखवायला सांगा, वजाबाकीचे प्रश्न तिनं कसे सोडवलेत ते तिथंच दिसेल.